हसून झाल्यावर: स्किटच्या कार्यक्रमातील एका भागाची समीक्षा कशी लिहावी

गोव्यातल्या एखाद्या जत्रेत रात्री उशिरा दशावतारी काला हे लोकनाट्य किंवा गावकऱ्यांनीच बसवलेले उत्सवी नाटक संपले, की खाज्यांच्या दुकानांपाशी आणि चहाच्या गाड्याभोवती जी चर्चा सुरू होते, तिला समीक्षा म्हणण्याची पद्धत नाही. पण ती समीक्षाच असते. अमक्याने दुसऱ्या प्रवेशात वाक्य घाईने टाकले, तमक्याचा राजा सिंहासनावर बसेपर्यंत राजा होता आणि बोलायला लागल्यावर आपल्या वाड्यावरचा शेजारी झाला, अशी नेमकी निरीक्षणे तिथे सहज ऐकू येतात. तीच माणसे टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या एखाद्या भागाविषयी लिहायला बसली, की मात्र ‘मजा आली’ किंवा ‘आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही’ या दोन वाक्यांपलीकडे लेखणी सरकत नाही. दोन्ही वाक्यांतून लिहिणाऱ्याची मनःस्थिती कळते, भाग कसा होता ते कळत नाही.

हा लेख त्या दोन वाक्यांच्या पुढे जाऊ इच्छिणाऱ्या नवख्या लेखकांसाठी आहे. हशा नेमका कोठून आला आणि कोठे अडला, हे समीक्षकाला बोट ठेवून दाखवता आले पाहिजे, आणि आपली आवडनिवड त्याने त्यानंतरच सांगावी, एवढा एकच आग्रह मी पुढच्या सर्व पायऱ्यांमध्ये धरला आहे.

भाग कोणता निवडावा

आरंभ गाजलेल्या भागापासून करू नये, तसाच साफ फसलेल्या भागापासूनही करू नये. गाजलेल्या भागाविषयी इतरांनी बोललेले आपल्या कानात आधीच असते आणि फसलेल्या भागावर लिहिताना टोमणे मारण्याचा मोह आवरत नाही. मधल्या, साध्या आठवड्यातला भाग घ्यावा. कार्यक्रमाची रोजची बांधणी तिथे उघडी दिसते.

वर्षानुवर्षे चालणाऱ्या कार्यक्रमाचा भाग हा एकट्या नाटकासारखा नसतो, हे इथेच लक्षात घ्यावे लागते. सोनी मराठीवरील ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ मध्ये सुरू झाली. झी मराठीवरील ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये. आणि न्यूयॉर्कहून प्रक्षेपित होणारे ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ ११ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाले व २०२५ मध्ये त्याने पन्नाशी गाठली. इतक्या काळात शेकडो स्किट, म्हणजे छोटी प्रहसने, लिहिली आणि सादर केली जातात. प्रेक्षकाच्या आठवणीत त्यातली पाच-दहा उत्तम प्रहसने उरतात, बाकीची साधी विसरली जातात, आणि मग आजच्या साध्या प्रहसनाची तुलना त्या निवडक पाच-दहांशी होते. ही तुलना न्याय्य नाही. ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ हा आक्षेप त्या अमेरिकी कार्यक्रमावरही कित्येक दशके होतो आहे आणि कार्यक्रम चालूच आहे. म्हणून निवडलेल्या भागाच्या मागचे-पुढचे दोन-तीन भाग पाहावेत आणि तुलना त्यांच्याशी करावी.

त्याचबरोबर त्या कार्यक्रमाची घडण काय आहे, हे आधी समजून घ्यावे. ‘हास्यजत्रे’त कलाकार परीक्षकांसमोर स्किट सादर करतात, सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक यांना त्या खुर्च्यांवर आणि प्राजक्ता माळी यांना सूत्रसंचालन करताना प्रेक्षकांनी दीर्घकाळ पाहिले आहे. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये नव्या चित्रपटाची किंवा नाटकाची मंडळी प्रसिद्धीसाठी थुकरटवाडी या कल्पित गावी येत आणि प्रहसन त्यांच्या भोवती गुंफले जाई. ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’मध्ये दर आठवड्याला यजमान बदलतो आणि कार्यक्रम थेट प्रक्षेपित होतो. एकाकडे दुसऱ्याचा गुण नाही म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

या घडणीचा समीक्षेशी किती जवळचा संबंध आहे, याचे एक उदाहरण देतो. त्या अमेरिकी कार्यक्रमात नट समोरच्या पात्राशी बोलताना बाजूला पाहतो, हे नवख्याच्या लगेच लक्षात येते आणि तो ‘पाठांतर कच्चे’ असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः तिथे शनिवारी रात्री आठच्या सुमारास प्रेक्षकांसमोर पूर्ण रंगीत तालीम होते, तीत काही स्किट गळतात, काहींची वाक्ये बदलतात आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण सुरू होते; त्यामुळे कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या मोठ्या पुठ्ठ्यांवरची वाक्ये वाचणे हा तिथला मान्य रिवाज आहे. आपल्याकडचे कार्यक्रम आधी चित्रित होतात आणि नंतर संकलित होतात. फसलेले वाक्य तिथे कापता येते, आणि ते कापले गेले नसेल, तर ते ठेवण्याचा निर्णय कोणीतरी घेतला आहे. म्हणजे तोच दोष थेट कार्यक्रमात नटाच्या खात्यात जातो आणि चित्रित कार्यक्रमात त्याचा वाटा दिग्दर्शक आणि संकलक यांनाही उचलावा लागतो.

दोनदा पाहावे, आणि पूर्ण पाहावे

पहिल्यांदा भाग घरच्यांबरोबर पाहावा आणि त्या वेळी वही हातात घेऊ नये. विनोद हा सोबतीने घडणारा प्रकार आहे. एकट्याने, पेन हातात घेऊन पाहिलेले चांगले स्किटही थंड वाटते. कोण कोठे हसले, हे मनात राहू द्यावे. आजी हसली आणि मुलगा हसला नाही, किंवा उलट, एवढे लक्षात राहिले तरी पुरते.

दुसऱ्यांदा एकट्याने, थांबवत थांबवत पाहावे. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: पहिल्यात मिनिट आणि सेकंद, दुसऱ्यात काय घडले, तिसऱ्यात हशा कोणाला आला. या तिसऱ्या रकान्याकडे आपण पुढे येणारच आहोत. दहा-पंधरा मिनिटांच्या एका स्किटला साधारण एक पान लागते. पूर्ण भागाची अशी टिपणे काढायला दीड-दोन तास जातात, आणि त्याला दुसरा मार्ग नाही.

पूर्ण पाहण्याचा आग्रह मी स्वतःच्या फजितीवरून धरतो. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकासाठी मी अशाच एका भागाविषयी लिहिले. जुलैचा महिना होता, भाग अर्ध्यावर असताना वीज गेली आणि ती मध्यरात्रीपर्यंत आली नाही. उरलेले स्किट मी दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फिरणाऱ्या तुकड्यांत पाहिले आणि ‘शेवट अर्धवट सोडला आहे’ असे ठणकावून लिहिले. शेवट अर्धवट नव्हता. कोणीतरी कापलेला तो तुकडाच अर्धवट होता. एका वाचकाने दोन ओळींचे पत्र पाठवून ते निदर्शनास आणले आणि पुढच्या अंकात मला दुरुस्ती छापावी लागली. तेव्हापासून तुकडे मी फक्त एखादे वाक्य पडताळण्यासाठी पाहतो. तुकड्याचा स्वभावच वेगळा असतो: तो सर्वांत मोठ्या हशाभोवती कापलेला असतो, आणि त्या हशापर्यंत स्किट कसे चढत गेले, हे त्यात नसते.

हशा कोणाचा

टीव्हीवरील हशा तीन-चार ठिकाणांहून येतो. समोर बसलेला प्रेक्षक हसतो, परीक्षक किंवा पाहुणे हसतात, सहकलाकार हसतो आणि कधी ध्वनिमुद्रणात हशा मिसळला जातो. हा शेवटचा प्रकार जुना आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने निरनिराळ्या जातींचे हशे साठवलेले यंत्रच तयार केले होते आणि ते बटणे दाबून वाजवता येत असे. एखाद्या कार्यक्रमात हशा मिसळलेला आहे असा आरोप पुराव्याविना करू नये, परंतु हशा आणि विनोद यांची जागा जुळते की नाही, हे कोणालाही तपासता येते. वाक्याच्या आधीच हशा सुरू झाला, किंवा सपाट वाक्यावर तो लांबला, तर वेळेसह तशी नोंद करावी.

परीक्षकांचा हसरा चेहरा दाखवणे ही तर विनोदाला दिलेली पावतीच असते. असा चेहरा स्किटमध्ये किती वेळा आणि कोणत्या क्षणी दिसतो, ते मोजून पाहावे. चांगल्या स्किटमध्ये तो दिसला काय, न दिसला काय, फारसा फरक पडत नाही. कमकुवत स्किटमध्ये मात्र नटाच्या प्रतिक्रियेच्या जागी परीक्षकाचा चेहरा येतो आणि आपल्याला बघायचा असलेला क्षण निसटतो. माझ्या मते हा या प्रकारच्या कार्यक्रमांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा दोष आहे.

एक स्किट उकलून पाहू

खऱ्या स्किटवर सराव करण्यापूर्वी एका कल्पित स्किटवर करावा, म्हणजे कोणाचा चाहता दुखावत नाही. मी सरावासाठी रचलेले एक स्किट असे आहे.

स्थळ फेरीबोटीचा धक्का. नियम असा, की पायी प्रवाशाला तिकीट नाही, वाहनाला आहे. पलीकडच्या तीरावर लग्न लागायचे आहे, मुहूर्त जवळ आला आहे, आणि नवरदेव घोड्यावर बसून धक्क्यावर येतो. (गोव्यात नवरा घोड्यावरून सहसा येत नाही, हा आक्षेप योग्य आहे, स्किटमध्ये त्याचे उत्तर म्हणून वडील ‘टीव्हीवर पाहिले, म्हणून आणला’ एवढे म्हणतात आणि विषय संपतो.) तिकीट कारकून विचारतो, ‘घोडा वाहन की प्रवासी?’ नवरदेवाचा भाऊ म्हणतो, घोडा स्वतःच्या पायांनी चालतो, म्हणजे तो पायी प्रवासी. कारकून ते मान्य करतो आणि म्हणतो, ‘मग वर बसलेला चालत नाही. तो सामान.’ सामान बेवारस सोडता येत नाही, त्याचा मालक कोण, असा पुढचा प्रश्न येतो. पलीकडे फोन लावला जातो. वधूपिता सांगतो, ‘अजून आमचा झालेला नाही.’ इथे ढोलवाला येतो, तीन वेळा पाय घसरून पडतो आणि ढोलात अडकतो. मग फेरी सुटण्याची वेळ होते, प्रवासी म्हणून घोडा तेवढा चढतो आणि सामान धक्क्यावरच राहते. शेवटी पलीकडून वधूपित्याचा फोन येतो: ‘पोचला हो. बोलत काही नाही, पण शांत दिसतो. आम्हांला पसंत आहे.’

आता वहीत पाहू. स्किटचे बीज ‘घोडा वाहन की प्रवासी?’ या प्रश्नात आहे. तो प्रश्न समजा एक मिनिट चाळीस सेकंदांनी येतो. त्याआधीची शंभर सेकंदे कशी खर्च झाली, हे विचारावे. स्थळ, घाई आणि नियम एवढे तीनच धागे प्रेक्षकाला हवे होते. ते चाळीस सेकंदांत देता येतात. उरलेल्या साठ सेकंदांत वऱ्हाडातल्या पात्रांची ओळखपरेड झाली असेल आणि ती पात्रे पुढे काहीच करत नसतील, तर ‘सुरुवात रेंगाळते’ असे लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे, कारण ती कोठे आणि किती रेंगाळते हे आपण सांगू शकतो.

बीज पेरल्यावर स्किटने स्वतःला एक नियम घालून घेतलेला असतो. इथला नियम असा, की कारकून मूर्ख नाही. तो अतिशय तर्कशुद्ध आहे आणि चुकीची गोष्ट काटेकोरपणे करतो. ‘वर बसलेला सामान’ हा विनोद त्या तर्काच्या पोटातून निघतो. ‘मालक कोण’ हा त्याची पुढची पायरी चढतो. ‘अजून आमचा झालेला नाही’ इथे तर्क पहिल्यांदा धक्क्यावरून घरात, म्हणजे सासर-माहेरच्या व्यवहारात शिरतो, आणि म्हणून हशा मोठा होतो. कारकुनाने सुरू केलेली भाषा आता दुसराच माणूस बोलतो आहे, हे त्यामागचे कारण. हे कारण सापडले की समीक्षकाने स्वतःला शाबासकी द्यावी.

ढोलवाला मात्र या तर्कात बसत नाही. तो पडला तेव्हा प्रेक्षक हसलेही असतील, कदाचित सर्वांत मोठ्याने हसले असतील, आणि नवखा समीक्षक इथेच फसतो: हशा मोठा म्हणजे जागा उत्तम, असे तो धरतो. वहीत पुढची नोंद पाहावी. ढोलवाल्याच्या पडण्यानंतर घोड्याचा प्रश्न पुन्हा उभा करण्यासाठी लेखकाला अर्धे मिनिट खर्चावे लागले असेल, तर तो हशा उधारीचा होता. ढोलवाल्यालाही कारकुनाने ‘ढोलात अडकलेला माणूस सामान की प्रवासी?’ असे विचारले असते, तर तेच पडणे कामी आले असते. अशी दुरुस्ती सुचवता येणे ही दोषदर्शनाची खरी कसोटी आहे, मात्र समीक्षेत ती एकदाच सुचवावी. प्रत्येक स्किट स्वतः नव्याने लिहून दाखवणारा समीक्षक वाचकाला लवकर नकोसा होतो.

शेवटाकडे विशेष लक्ष द्यावे. स्किटचा शेवट करणे हे या कलेतले सर्वांत अवघड काम आहे. इतके अवघड, की बीबीसीवर १९६९ ते १९७४ या काळात ४५ भाग करणाऱ्या ब्रिटिश मंडळींनी, ‘माँटी पायथन’ने, शेवटचा पंच, म्हणजे हशा पिकवणारे अखेरचे वाक्य, बऱ्याचदा टाळलेच आणि एका प्रहसनातून दुसऱ्यात चित्रांच्या किंवा भलत्याच पात्राच्या साहाय्याने उडी मारली. आपल्याकडे शेवट बहुधा नाचगाण्यावर, गळाभेटीवर किंवा अचानक आलेल्या भावुक वाक्यावर होतो. घोड्याच्या स्किटमध्ये शेवट बिजातूनच उगवतो, कारण ‘प्रवासी कोण’ हा पहिला प्रश्न शेवटी ‘नवरा कोण’ असा होऊन परत येतो. तसे जिथे घडते तिथे ते स्पष्ट नोंदवावे. नाचून संपवलेल्या स्किटविषयी एक ओळ पुरे.

श्रेय आणि दोष कोणाचा

विनोद आवडला की नटाचे नाव आणि नावडला की ‘लेखन कमी पडले’ असे लिहिण्याची सवय आपल्याकडे आहे. ती मोडायची तर रंगभूमीवरचे काही शब्द हाताशी हवेत. संहितेत नसलेले वाक्य नटाने ऐनवेळी घातले तर त्याला नाटकवाले ‘ॲडिशन’ म्हणतात. ॲडिशन ओळखण्याची साधी खूण अशी, की ते वाक्य पडल्यावर समोरच्या नटाचे उत्तर क्षणभर उशिरा येते किंवा तो मान फिरवतो. दशावतार पाहत वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथे छापील संहिताच नसते, आख्यान ठरलेले असते आणि संवाद उभ्याउभ्या रचले जातात, त्यामुळे कोणाचे वाक्य कोणी कसे उचलले, हे पाहण्याचा आपल्या डोळ्याला सराव असतो. टीव्हीवरील स्किटला तोच डोळा लावावा. ॲडिशनने प्रसंग पुढे गेला की नटाने फक्त स्वतःसाठी टाळी घेतली, हे लिहावे.

दुसरा शब्द ‘बेअरिंग’. पात्राचा आवाज, चाल आणि नजर नटाने धरून ठेवणे म्हणजे बेअरिंग सांभाळणे. नटाला मधेच हसू फुटले की बेअरिंग सुटते. प्रेक्षकांना ते आवडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील ‘द कॅरोल बर्नेट शो’मध्ये (१९६७ ते १९७८) टिम कॉनवे सहकलाकार हार्वी कॉर्मनला हसवून सोडत असे, आणि त्या क्षणांसाठीच तो कार्यक्रम आजही आठवला जातो. परंतु अपघाताने सुटलेले बेअरिंग आणि सवयीने सोडलेले बेअरिंग यांत फरक आहे. एका भागात एकदा झाले तर ती गंमत समजावी. तीन स्किटमध्ये तीनदा झाले, आणि तिन्ही वेळा कॅमेरा आधीपासूनच त्या चेहऱ्यावर तयार होता, तर शंका लिहून ठेवावी.

कमी बोलणाऱ्या नटाकडे पाहायला विसरू नये. आमच्या स्किटमध्ये सर्वांत कठीण काम नवरदेवाचे आहे: त्याला सामान ठरवले जात असताना त्याने काहीही न बोलता घोड्यावर बसून राहायचे आहे. अशा भूमिकेची दखल घेणारी समीक्षा वाचली की लिहिणाऱ्याने भाग खरोखर पाहिला आहे, याची खात्री पटते.

तेच ते पुन्हा

दीर्घकाळ चाललेल्या कार्यक्रमात पात्रे, जोड्या आणि ठरावीक वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, आणि ‘तोचतोचपणा’ हा समीक्षकाचा आवडता शब्द होतो. इथे थोडे थांबावे. दशावतारात आख्यानाआधी काळ्या वेषातला संकासूर येतो. तो येणार हे लहान मुलालाही माहीत असते, आणि तरीही त्याच्या येण्याची वाट पाहिली जाते. पुनरावृत्ती हा दोष असता तर संकासूर केव्हाच बाद झाला असता. त्याचा सोंगाडेपणा ठरलेला असतो, पण बोलणे त्या गावातले, त्या रात्रीचे असते. टीव्हीवरच्या परिचित पात्रालाही हेच विचारावे: आजच्या प्रसंगाने या पात्राला काही नवे करायला लावले का, की ठरलेले वाक्य आले, टाळी आली आणि पात्र निघून गेले? गौरव मोरे यांची ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ ही ओळख असो वा अन्य कोणाची लकब, ती पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही हसू येईल का, हा प्रश्न फार उपयोगी पडतो. त्यासाठी कार्यक्रम कधीही न पाहिलेली एखादी व्यक्ती पहिल्या पाहण्यात शेजारी असेल, तर उत्तम.

भाषेकडे गोव्याच्या कानाने

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोकणी बोलली जाते आणि वाचन-लेखन मराठीत होते. या दुहेरी कानाचा उपयोग समीक्षेत जरूर करावा, परंतु जपून. मराठी स्किटमध्ये गोवेकर पात्र आले, की ते पुष्कळदा मालवणी बोलते.  मालवणीत ‘मी’ तर गोव्याच्या कोकणीत ‘हांव’. पात्र स्वतःला म्हापशाचे किंवा मडगावचे म्हणवते आणि ‘मी’ म्हणते, तेव्हा ती चूक आहे आणि ती उदाहरणासह लिहावी. मात्र गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याकडची बोली मालवणीच्या किती जवळ आहे, हे पेडण्याच्या माणसाला विचारून मगच निवाडा द्यावा. अंत्रुज महालाचा, म्हणजे फोंड्याकडचा, कान म्हणजे सगळ्या गोव्याचा कान नव्हे.

बोलीच्या चुकीपेक्षा मोठा दोष पात्राच्या आळसात असतो. फुलाफुलांचा शर्ट, हातात बाटली आणि प्रत्येक वाक्याला ‘मॅन’, एवढ्यावर गोवेकर उभा केला, तर लेखकाने पात्र लिहिलेच नाही, पर्यटकाला दिसणारा देखावा उचलला. इथे रागावून लिहू नये. रागाने लिहिलेला परिच्छेद प्रादेशिक तक्रार म्हणून बाजूला टाकला जातो. त्याऐवजी बाटली काढून टाकली तर या पात्राकडे बोलण्यासारखे काय उरते, एवढेच विचारावे.

साडी, जाडी आणि रंग

पुरुष नटाने साडी नेसणे आपल्याला नवे नाही. दशावतारातील स्त्रीपात्र परंपरेने पुरुषच करतात. मंगेशीशी नाते असलेल्या दीनानाथ मंगेशकरांनीही रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवल्या. त्या परंपरेत साडी नेसल्यावर नट त्या स्त्रीचे दुःख आणि मान दोन्ही वागवतो. स्किटमध्ये साडी नेसलेला पुरुष दिसला, की आधी पाहावे की तो बाई रंगवतो आहे की ‘पुरुषाने साडी नेसली’ एवढाच विनोद आहे. पहिल्या प्रकारात अभिनयाची चर्चा होऊ शकते. दुसऱ्या प्रकारात एंट्रीचा हशा ओसरला की नटाजवळ काही उरत नाही, आणि ते घड्याळात दिसते.

जाडी, टक्कल, सावळा रंग यांवरील विनोदांसाठी माझी एक साधी चाचणी आहे: त्या भूमिकेत वेगळ्या शरीराचा नट मनाने उभा करून पाहावा. वाक्य तरीही हसवत असेल, तर विनोद लेखकाचा आहे. हसवत नसेल, तर तो विनोद नटाच्या देहाचा आहे, आणि तो नट स्वतःवर हसायला राजी आहे, या सबबीने लेखकाचे काम झाले असे होत नाही. हे एका वाक्यात नोंदवून पुढे जावे; समीक्षेचे प्रवचन होऊ देऊ नये.

पूर्ण भागाची बांधणी आणि लेखन

भाग म्हणजे केवळ स्किटांची बेरीज नसते. कोणते स्किट पहिले ठेवले, मधे गप्पा किती, शेवटी काय, यांतून भागाची लय ठरते. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये सागर कारंडे यांचा पोस्टमन पत्र वाचायला येत असे, आणि तिथे हसवणे हा उद्देशच नव्हता, त्या पत्राला विनोदाच्या मापाने मोजणे चूक ठरले असते. तियात्र हे गोव्यातले कोकणी नाटक पाहणाऱ्यांना हे चटकन पटेल. दोन पडद्यांच्या मधे येणाऱ्या कांताराचा, म्हणजे गाण्याचा, कथानकाशी बहुधा संबंध नसतो, आणि मुरलेला प्रेक्षक त्याला विसंगती मानत नाही. कांतार म्हणून ते कसे झाले, एवढेच पाहतो.

लिहिताना सर्व स्किटांना समान जागा देऊ नये. एका स्किटवर अर्धा लेख खर्च करावा, दुसऱ्याला एक परिच्छेद द्यावा आणि उरलेल्यांना एकेक ओळ. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी सहाशे-सातशे शब्दांत बसवायचे असेल, तर याला पर्याय नाही. पहिल्याच परिच्छेदात वाहिनी, प्रक्षेपणाची तारीख आणि कलाकारांची नावे यावीत, आणि नावांचे शुद्धलेखन श्रेयनामावलीवरून तपासावे. विशेषणे जपून वापरावीत. ‘अफलातून’, ‘धम्माल’ आणि ‘रटाळ’ हे तीन शब्द खोडून त्या जागी वहीतली नोंद टाकली, की मजकूर आपोआप सुधारतो. घोड्याच्या स्किटविषयी ‘कारकुनाची भूमिका धम्माल झाली आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘कारकून एकदाही आवाज चढवत नाही, वऱ्हाड जितके ओरडते तितका तो हळू बोलतो, आणि “तो सामान” हे वाक्य तर तिकीट फाडता फाडता, मान वर न करता टाकतो’ असे लिहावे.

शेवट सांगावा की राखून ठेवावा, हा प्रश्न उरतो. चित्रपटाच्या समीक्षेत शेवट न सांगण्याचा संकेत आहे. स्किटच्या बाबतीत भाग प्रसारित झालेला असतो, आणि बांधणीची चर्चा शेवटाविना लंगडी पडते. म्हणून मी सांगण्याच्या बाजूने आहे. ही बाजू मी उशिरा घेतली. घोड्याच्या स्किटवर नमुन्यादाखल लिहिलेल्या समीक्षेत मी शेवट झाकून ठेवला होता आणि ‘अखेरचा फोन बहार आणतो’ एवढेच लिहिले होते. मजकूर पाठवण्यापूर्वी तो स्किट न पाहिलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा, या माझ्याच नियमाप्रमाणे मी तो आईला वाचून दाखवला. ती शेवगा निवडत होती. पूर्ण ऐकून घेतल्यावर तिने मान वर करून विचारले, ‘ते सगळे असू दे, पण मग लग्न कोणाशी लागले?’ त्या ओळीच्या जागी मी वधूपित्याचे वाक्य जसेच्या तसे घातले.